मोडी, रुमाल आणि आमच्या घरचे दोन कागद

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा या भागाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलंय, फक्त 'अं' आणि 'म्हणजे' जरा कमी केलेत.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बी.टेक. झालो, पुण्यात नोकरी करतो, दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाबेसमध्ये काय बिघडलंय ते शोधतो. इतिहासाशी संबंध दहावीच्या पेपरापुरता. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते अभ्यासकाचं नाही. एका कागदाच्या मागे लागून दीड वर्षात काय काय पाहिलं, त्याची ही हकिगत आहे.

आमचं गाव वाईच्या पुढे. घरी आजी असते. तिच्या खोलीत एक पत्र्याची पेटी आहे, आणि पेटीत तांबड्या फडक्यात बांधलेले जुने कागद. माझ्या लहानपणी दोन गाठोडी होती. एकाला वाळवी लागली, ते चुलीत गेलं. उरलेल्यात आता अकरा कागद आहेत. सगळे मोडीत. आजोबांना मोडी वाचता यायची. आम्हाला ते सांगायचे, "आपला पूर्वज पानिपतावर लढला, म्हणून ही जमीन इनाम मिळाली. कागद आहेत पेटीत." आम्ही ऐकायचो आणि खेळायला पळायचो. आजोबा गेले तेव्हा मी बारावीला होतो. 'कुठला कागद? वाचून दाखवा ना,' असं त्यांना कोणी कधी म्हणालंच नाही. आता आजी ब्याऐंशीची आहे. मागच्या दिवाळीत ती म्हणाली, "तू एवढा कॉम्प्युटर शिकलास, मला एवढं वाचून दाखव. मी जायच्या आत."

मी म्हणालो, दोन वीकेंडचं काम आहे.

हसा खुशाल. मला खरंच तसं वाटलं होतं. फोटो काढायचे, मॉडेलला द्यायचे, मजकूर बाहेर. मोडी लिपी २०१४ सालीच युनिकोडमध्ये आलेली आहे, म्हणजे फाँट आहेत, अक्षरांना कोड आहेत. मी फाँटवरूनच हजारो अक्षरं तयार केली आणि मॉडेल शिकवलं. फाँटमधली अक्षरं ते फर्डं ओळखायला लागलं. मग आजीच्या कागदाचा फोटो दिला. बाहेर जे आलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं.

कारण सांगतो. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरूने त्या रेघांना अक्षरं लटकवत जायचा. हात शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे एक अक्षर दुसऱ्यात मिसळतं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अनुस्वार बऱ्याचदा गायब. एकाच 'र'ची तीन-चार रूपं, आधी काय आलं त्यावर ठरणारी. वर संक्षेप, म्हणजे दोन अक्षरं लिहून पुढे दोन दंड मारायचे, बाकीचं वाचणाऱ्याने समजून घ्यायचं. सुटं अक्षर ओळखणारं मॉडेल इथे काय करणार? आणि चांगलं मॉडेल बनवायचं तर आधी कोणीतरी हजारो खरे कागद वाचून, ओळीसमोर ओळ लिहून द्यावी लागते. तो माणूस आणायचा कुठून?

त्या शोधात मी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात गेलो. पुण्यात इतकी वर्षं राहून, त्याच रस्त्याने शंभरदा जाऊन, पहिल्यांदाच आत.

मंडळ १९१० साली सुरू झालं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे हे संस्थापक. राजवाड्यांचं नाव शाळेत एका ओळीत येतं आणि जातं. प्रत्यक्षात या माणसाने काय केलं, तर गावोगाव हिंडून, बरंचसं पायी, लोकांच्या माळ्यांवरचे आणि पेट्यांमधले कागद मिळवले, वाचले आणि छापले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने त्यांनी बावीस खंड काढले. पहिला खंड १८९८चा. त्यातले कागद वाईत सापडलेले आणि बरेचसे पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतले. हे वाचलं तेव्हा मी जरा दचकलोच. आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर हा माणूस कागद शोधत होता, आणि आमची पेटी तेव्हाही घरातच असणार.

पुढे मतभेद होऊन राजवाडे मंडळातून बाहेर पडले, धुळ्याला गेले, १९२६च्या अखेरीस तिथेच वारले. त्यांच्या जवळचा संग्रह आता धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आहे. म्हणजे एका माणसाने जमवलेले कागदसुद्धा एका जागी नाहीत. हे आधीच लक्षात ठेवलं की पुढचा मनस्ताप कमी होतो.

मंडळात मोडी आणि फारसी कागद लाखांनी आहेत. शिवाय हस्तलिखित पोथ्या, नाणी, चित्रं, ताम्रपट, आणि छापील पुस्तकांचं मोठं ग्रंथालय. मला आधी वाटलं, कुठेतरी एक कॉम्प्युटर असेल, गावाचं नाव टाकलं की यादी येईल. जुन्या कागदांचं तसं नसतं. कागद ज्या घराण्याकडून आला त्या घराण्याच्या दप्तरात असतो. दप्तर म्हणजे विषय नव्हे, उगम. त्यामुळे 'माझ्या गावाबद्दल काय आहे?' हा प्रश्नच चुकीचा. 'माझ्या गावाचा कारभार तेव्हा कोणाकडे होता, आणि त्यांचे कागद आज कुठे आहेत?' हा बरोबर प्रश्न. आमच्या धंद्यातलं बोलायचं तर इथे सर्च इंडेक्स नाही, फोल्डरची रचना आहे, आणि ती रचना समजणारी माणसं आहेत. मी जो प्रश्न दोन तास घोळवत होतो तो तिथल्या एका वयस्कर अभ्यासकांनी दोन मिनिटांत सोडवला. "तालुका-जिल्हा विसरा. प्रांत वाई असं शोधा. आणि कागदाआधी छापील काय आहे ते बघा."

ही दुसरी सूचना सोन्यासारखी. राजवाड्यांचे खंड, मंडळाचं त्रैमासिक, अशा छापील साधनांत हजारो कागद आधीच कोणीतरी वाचून बाळबोधीत आणून ठेवलेत. आणि मला माझ्या मॉडेलसाठी जे हवं होतं, मूळ कागद आणि त्याचं वाचन, त्यातलं अर्धं काम शंभर वर्षांपूर्वी माणसांनी हाताने केलेलं होतं. कोणी त्याला 'डेटासेट' म्हटलं नव्हतं एवढंच.

मग पुणे पुराभिलेखागार, म्हणजे जुनं नाव पेशवे दप्तर. १८१८ला पेशवाई बुडाली आणि सरकारी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. जमिनींचे, इनामांचे हक्क तपासायला त्यांना हे कागद लागणार होते, म्हणून ते जपले गेले. इतिहासाच्या प्रेमाने नाही, महसुलासाठी. त्यांच्यासाठी १८९१ साली खास दगडी इमारत बांधली. आत कागद रुमालात बांधलेले असतात. रुमाल म्हणजे खरोखरच कापडाचा मोठा चौकोन, त्यात गठ्ठे. असे हजारो रुमाल, आणि कागदांची मोजदाद कोटींमध्ये. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातून निवडून ४५ खंड छापले. पंचेचाळीस! आणि तरीही तो त्या साठ्याचा अगदी लहानसा कोपरा. बाकीचं अजून रुमालातच.

तिथे काम करायचं तर अर्ज, ओळखपत्र, आणि पेन्सिल. शाईचं पेन बाहेर. कोणता रुमाल हवा ते यादीवरून ठरवून मागायचं. रोजकीर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची नोंद, घडणी म्हणजे त्यातून खात्यावार केलेले कागद, प्रांत अजमास म्हणजे प्रांतांचे वसुलीचे अंदाज, हे विभाग आधी शिकून घ्या. नाहीतर मी केलं तसं होईल. मी पहिल्या दिवशी उत्साहाने जो रुमाल मागितला त्यात दुसऱ्याच प्रांताचे घोड्यांच्या दाण्याचे हिशेब होते. पण सांगू का, तो दिवस फुकट गेला असं वाटलं नाही. कागद जाड, हाताने बनवलेला. उलगडताना घडीतून बारीक रेती सांडली. तेव्हा टिपकागद नव्हता, शाई वाळवायला रेती टाकायचे. अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत चिमूटभर टाकलेली रेती माझ्या वहीवर पडली. स्कॅनमध्ये रेती येत नाही.

आमच्या घराचा उल्लेख मला तिथे सापडला नाही. गावाचं नाव मिळालं, एका वसुलीच्या हिशेबात, एक ओळ, पुढे रक्कम. त्या ओळीला चार शनिवार लागले. नोकरीतून काढलेले.

दरम्यान मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं होतं. असे वर्ग मंडळातर्फे होतात, राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फेही होतात. आमच्या वर्गात वकील होते, शिक्षिका होत्या, जमिनीच्या वादाचे कागद वाचून द्यायचा व्यवसाय करायचाय असे दोन तरुण होते. पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, "आता याला लटकवायला शिका." रोज अर्धा तास लिहिलं तर दोन महिन्यांत अक्षरं बसतात. कागद वाचायला मात्र त्याच्या पुढे वेळ लागतो, कारण तिथे भाषा आडवी येते. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'मौजे' म्हणजे गाव. लिहिता न येणारे सहीऐवजी निशाणी करत, आणि शेतकऱ्याची निशाणी म्हणजे नांगर. कागदाच्या तळाशी ओळीने काढलेले छोटे छोटे नांगर पाहिले की ती माणसं शेजारी बसलीत असं वाटतं.

सगळ्यात मजा तारखांची. पेशवाईच्या कागदांत सुहूर सन असतो. साल मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून त्याला मृगसाल पण म्हणतात. आकडा अरबी शब्दांत, आणि एकं आधी! 'सबा सितैन मया व अलफ' म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार. झाले ११६७. त्यात ५९९ मिळवा, म्हणजे इसवी सन १७६६-६७. ज्यांनी कॉम्प्युटर मेमरी शिकली असेल त्यांना लिटल एंडियन आठवेल. मी वर्गात ते बोललो, कोणी हसलं नाही. पण धोका असा की 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर, 'तिसा' नऊ आणि 'तिसैन' नव्वद. एका अक्षरात घोटाळा झाला की पिढ्या सरकतात.

आता मुख्य गोष्ट. वर्षभराने आजीच्या अकरा कागदांपैकी सर्वांत जुना मी स्वतः वाचायला घेतला. तारीख वर सांगितली तीच, सबा सितैन. पानिपतानंतर पाच-सहा वर्षं. आणि तिसऱ्या ओळीत मला स्वच्छ दिसलं, 'इनाम'. मी रात्री अकराला आईला फोन केला. सांगितलं, आजोबा खरं सांगत होते.

पुढच्या शनिवारी कागदाचा फोटो सरांना दाखवला. त्यांनी भिंग लावलं, दोन वेळा वाचलं, आणि म्हणाले, "हे इनाम नाही. इमान आहे. पुढे बघ. इमाने इतबारे."

अक्षरं तीच. क्रम वेगळा. माझ्या मॉडेलने चूक केली असती तर मी तिला बग म्हणालो असतो. ही चूक मी केली, कारण मला तिथे 'इनाम' हवं होतं.

तो कागद कर्जरोखा होता. साठ रुपये सावकाराकडून घेतले, कारण बैल आणि बी. व्याज दरमहा शेकडा दोन. तारण म्हणून जमीन. इमाने इतबारे फेडू, असं लिहून दिलेलं. म्हणजे जमीन आधीपासून घरचीच होती, कोणी बक्षीस दिलेली नव्हती. आणि लिहून देणारी बाई होती. 'कोम अमुक', आणि नवऱ्याच्या नावापुढे मयत.

माझ्या डोक्यात लगेच गोष्ट तयार झाली. नवरा पानिपतावर गेला, परत आला नाही, मागे राहिलेल्या बाईने... सरांनी मला तिथेच थांबवलं. "कागदात पानिपत आहे का? नाही ना? मग आपण घालायचं नाही. मयत एवढंच आहे. कशाने, कधी, माहीत नाही. तेवढंच लिही." मला राग आला होता, खरं सांगतो. दीड वर्ष घालवून हातात कर्जरोखा, आणि वर गोष्टही करू द्यायची नाही. पण घरी येताना पटलं. आजोबांच्या कुठल्यातरी आजोबांनी असंच केलं असेल. एक 'इमान'चं 'इनाम' वाचलं असेल, किंवा काहीच न वाचता सांगितलं असेल, आणि त्या गोष्टीत ही बाई पुसली गेली. मी दुसरी गोष्ट रचली असती तर मीही तेच केलं असतं.

नंतर त्याच गाठोड्यात दुसरा कागद निघाला. चार ओळींचा. सन सीत सबैन मया व अलफ, म्हणजे १७७५-७६. फारखत. त्याच बाईच्या नावाने, मुद्दल आणि व्याज पावले, आता काही येणे नाही. साठ रुपयांवर वर्षाला चौदा रुपयांहून जास्त व्याज होतं. फेडायला नऊ वर्षं लागली, आणि जमीन राहिली. आज आजी ज्या घरात राहते त्याच्या मागचं शेत तेच असेल का? ठामपणे सांगता येत नाही. कागदात शेताची सीमा दिली आहे, एका बाजूला ओढा आहे. ओढा आजही आहे. याच्यापुढे मी जात नाही.

आजीला सांगायचं कसं, याचं मला टेन्शन होतं. आईचं म्हणणं होतं, सांगू नको, या वयात कशाला, आजोबांचा शब्द खोटा कशाला पाडायचा. मी आठवडाभर टाळलं. मग गावी गेलो, पेटी काढली, आणि दोन्ही कागद शब्दाला शब्द वाचून दाखवले. आधी मोडीतलं जसंच्या तसं, मग आपल्या भाषेत. आजी गप्प ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "म्हणजे बाईनंच राखली म्हण की जमीन." थोड्या वेळाने, "नाव परत वाच तिचं." मी वाचलं. तिने दोनदा उच्चारलं. आमच्या घरात हे नाव कोणालाच माहीत नव्हतं. ते मी इथे सांगत नाही, घरचं घरात राहू दे असं तिचं म्हणणं आहे.

मी विचारलं, कागद मंडळाकडे देऊया का, तिथे वाळवी लागणार नाही. ती म्हणाली, "मी हाय तवर हितंच राहू दे. मग दे." त्यावर मी काही बोललो नाही. अकराही कागदांचे नीट फोटो काढलेत, वाचन करतोय, चार झालेत. तांबडं फडकं बदलून धुतलेलं सुती कापड घातलंय, पेटी जमिनीवरून उचलून फळीवर ठेवलीय.

मॉडेलचं काय झालं, असं काहीजण विचारतील. ते चालू आहे. आता त्याला फाँट दाखवत नाही, वाचलेल्या खऱ्या ओळी दाखवतो. उद्या अशी साधनं चांगली होतील आणि व्हायलाच हवीत, कारण रुमाल कोट्यवधी कागदांचे आणि वाचणारे मोजके, त्यातले बरेच सत्तरीपुढचे. पण 'इनाम' की 'इमान' हे तपासायला भिंग घेऊन बसलेला माणूस लागणारच आहे. तो माणूस आत्ता शिकला नाही तर मशीन चुकलं हे सांगणार कोण?

तुमच्याकडे असे कागद असतील तर एवढंच करा. लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी लावू नका. उन्हात वाळवू नका. सावलीत सपाट ठेवून फोटो काढा, पुढून आणि मागून, कारण मागेही लिहिलेलं असतं. कुठल्या पेटीत, कोणाकडे, कशासोबत सापडला ते लिहून ठेवा. आणि घरात कोणी मोडी वाचणारं अजून असेल, तर हा भाग इथेच थांबवा आणि आधी त्यांच्यापाशी जाऊन बसा. मी ती संधी बारावीत असताना घालवली.